सहावी ताटली

ट्रँटरबाईंनी शालीतून ताटली काढून बाकावर ठेवली, तेव्हा डॅमरिस पेलला आधी हसूच आलं. पांढऱ्या झिलईवर निळ्या रंगात नदी होती, नदीवर पूल होता, आणि पुलावर खांद्यावर काठी टाकून चाललेला चिनी माणूस होता. पण त्या माणसाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब होता, पूल निम्म्यातच संपला होता आणि वर उडणारा पक्षी खालच्या होडीहून मोठा होता.

"अशी एक हवीय," ट्रँटरबाई म्हणाल्या. "अगदी अशीच."

"अशीच?" डॅमरिसनं ताटली उचलून खिडकीकडे धरली. "बाई, ही कुणी काढलीय? दारू पिऊन काढलीय का?"

"ब्रिस्टलची आहे. सहांचा संच होता, आता पाच उरल्यात. नाताळच्या आत सहावी पाहिजे."

त्या वर्षी, म्हणजे सतराशे त्रेपन्न साली, लॅम्बेथच्या नदीकाठी भांड्यांचे चार-पाच कारखाने होते, आणि गिडिंगच्या कारखान्यात डॅमरिसच्या तोडीचा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. नवरा वारला त्या आठवड्यातच ती त्याच्या बाकावर येऊन बसली होती, त्याला एकोणीस वर्षं झाली. चीन लॅम्बेथात कुणीच पाहिला नव्हता, तिनंही नाही. पण तिच्या चिनी माणसांचे दोन्ही पाय सारखे असत आणि तिचे पूल पलीकडच्या काठाला टेकत. तिनं ट्रँटरबाईंची ताटली नमुना म्हणून ठेवून घेतली आणि मनाशी म्हटलं, या बिचाऱ्या बाईला एकदा चांगलं काम म्हणजे काय ते दाखवू.

झिलईवरचं काम म्हणजे एकदाच मारायच्या फटकाऱ्याचं काम. भाजलेली ताटली कथिलाच्या पांढऱ्या पाण्यात बुडवून सुकवली, की तिच्यावर पिठासारखा थर बसतो. कुंचला टेकला रे टेकला, की तो थर रंग पिऊन टाकतो. पुसणं नाही, खोडणं नाही. शिवाय तेव्हा रंग दिसतो राखेसारखा काळपट. निळा होतो तो भट्टीतून बाहेर आल्यावर. म्हणजे काय काढलं ते आठ-पंधरा दिवसांनी कळणार. पण डॅमरिसला ते आधीच दिसत असे. तिनं तो माणूस काढला, पूल काढला, पक्ष्याला त्याच्या मापात आणलं, आणि ताटली भट्टीत गेली.

बाहेर आली ती देखणी. भट्टी सांभाळणारा जेथ्रोसुद्धा म्हणाला, "डॅमरिस, ही राजाच्या टेबलावर जाईल."

ट्रँटरबाईंनी मात्र ती हातात घेतली आणि त्यांचा चेहरा पडला.

"हा आमचा माणूस नाही."

"तोच आहे की. तीच काठी, तीच टोपी."

"आमचा लंगडतो."

"लंगडत नाही हो तो! काढणाऱ्याला पाय काढता येत नव्हता!"

"काही का असेना. पोरं त्याला लहानपणापासून लंगडा जॅक म्हणत आलीत. हा तर लष्करातला शिपाई वाटतो." त्यांनी ताटली हळूच खाली ठेवली. "छान आहे हो, पेलबाई. फारच छान आहे. पण ही चालायची नाही."

डॅमरिसला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. वाईट म्हणून नाकारलेलं काम तिनं सोसलं असतं. चांगलं म्हणून नाकारलेल्या कामाचं काय करायचं, ते तिला कळेना.

दुसऱ्या खेपेला तिनं ठरवून वाकडं काढलं. पाय लांब, पूल अर्धा, पक्षी होडीहून मोठा. काढताना दात-ओठ खात होती, आणि ते सगळं ताटलीत उतरलं असावं. कारण दोन आठवड्यांनी ट्रँटरबाईंनी ती पाहिली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही त्याची थट्टा केलीत."

"अहो, पाय लांब पाहिजे म्हणालात, लांब काढला!"

"पण तो बिचारा आपल्या परीनं नीट चालतोय. तुमचा मुद्दाम सोंग करतोय."

"सरळ काढलं तर नको, वाकडं काढलं तर नको. मग काढू तरी कसं?"

"ते मला कळत असतं तर तुमच्याकडे कशाला आले असते?" असं म्हणून ट्रँटरबाई नाक पुसत निघून गेल्या.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ही, की बाईचं बरोबर होतं. तिनं नमुना आणि आपली ताटली शेजारी-शेजारी ठेवली. नमुन्यातला माणूस वेडावाकडा होता, पण कुठं तरी निघाला होता. तिचा माणूस नुसताच वाकडा होता.

तिसऱ्या वेळी तिनं कारागिराची हुकमी युक्ती काढली. कागदावर चित्र उतरवून रेघांवर सुईनं भोकं पाडली, तो कागद ताटलीवर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटली. ठिपके उमटले आणि तिनं ठिपक्यांवरून रेघ ओढली. आता चूक होणं शक्यच नव्हतं. पण ठिपका सोडायचा नाही म्हणून कुंचला इतका जपून चालला, की रेघ मेल्यासारखी झाली. तरी म्हटलं, बघू. आणि बघायची वेळच आली नाही. भट्टी त्या खेपेला जास्त तापली, वरच्या ताटलीला आधार देणारी खुंटी मोडली, आणि जेथ्रोनं ताटल्या रचलेला मातीचा डबा उघडला तेव्हा दोन ताटल्या एकमेकींना चिकटलेल्या आणि लंगडा जॅक ओघळून नदीत गेलेला.

"बुडाला बिचारा," जेथ्रो म्हणाला.

"तोंड बंद ठेव, म्हाताऱ्या."

"मी काय केलं? भट्टी काय माझं ऐकते होय?"

"तुझं ऐकत नाही, माझं ऐकत नाही, मग ऐकते कुणाचं?"

"माझ्या बायकोसारखी आहे ती," जेथ्रोनं राख झटकली. "तापली की कुणाचंच नाही."

गिडिंग मालकांच्या कानावर हे गेलंच. ते बाकाशी येऊन उभे राहिले. "पेलबाई, अमेरिकेला जाणाऱ्या जहाजाचे चाळीस डझन नग बाकी आहेत, आणि तुम्ही एका म्हातारीच्या एका ताटलीपायी तीनदा भट्टीतली जागा अडवलीत. नाही जमत म्हणून सांगा आणि मोकळ्या व्हा."

'नाही जमत' हे शब्द डॅमरिसला असे झोंबले, की तिनं त्याच रविवारी चर्चमधून परस्पर नदी गाठली आणि नावाड्याला रॉदरहाइथला, ट्रँटरबाईंच्या घराकडे सोडायला सांगितलं. नमुना परत द्यायचा, बाकीच्या चार ताटल्या एकदा पाहायच्या, आणि मग या बाईला हात जोडायचे, असं तिनं ठरवलं होतं.

ट्रँटरबाईंचं घर दोरखंड आणि डांबराच्या वासाच्या गल्लीत होतं. नवरा जहाजांना सामान पुरवायचा. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. भिंतीतल्या फळीवर चार ताटल्या उभ्या होत्या आणि दोन जागा मोकळ्या होत्या. डॅमरिसनं आपल्याकडची एका मोकळ्या जागी ठेवली. ट्रँटरबाईंनी तिला बसवलं, उकडलेलं गोमांस आणि गाजरं वाढली, आणि स्वतः मात्र फळीकडे पाठ करून बसल्या.

"बाई, एक विचारू?" डॅमरिस म्हणाली. "पाच ताटल्यांत जेवता येत नाही का?"

ट्रँटरबाईंनी चिमटीतलं मीठ परत ठेवलं. मग म्हणाल्या, "त्या माझ्या नाहीत. मार्जरीच्या आहेत. आमच्या ह्यांच्या पहिल्या बायकोच्या. तिच्या लग्नातला संच तो. मी आले तेव्हा अर्सुला चौदा वर्षांची होती. त्या दिवसापासून तिचा एकच धोशा, की सिबिलबाई, म्हणजे मी, आमच्या आईचं एकेक पुसून टाकतायत. पडदे बदलले, तर आईचे पडदे गेले. मांजर म्हातारं होऊन मेलं, तर आईचं मांजर मी मारलं. आता लग्न होऊन डेप्टफर्डला असते. दर नाताळला भाऊ गिल्बर्ट आणि वहिनीला घेऊन येते आणि आधी फळीवरच्या ताटल्या मोजते."

"आणि सहावी?"

"मी फोडली. मांस गार होतं म्हणून शेकोटीजवळ तापत ठेवली, तर ताडकन दोन तुकडे. तुकडे शालीत बांधून नदीत टाकून आले, चोरासारखी. सतरा वर्षं मी त्या ताटल्या स्वतः धुतल्यात, पेलबाई. मोलकरणीला हात लावू दिला नाही."

डॅमरिस नाही म्हणायला आली होती. पण ते शब्द काही तोंडातून निघेनात, आणि त्यामुळे ती स्वतःवरच वैतागली. ती उठून ताटल्यांपाशी गेली. पाच लंगडे जॅक, प्रत्येक थोडा वेगळा, पण सगळे एकाच हातचे. कुठला हात असेल हा? तिनं मनातल्या मनात रेघांच्या मागोमाग जायचा प्रयत्न केला. नदीकाठचं गवत घेतलं. प्रत्येक फटकारा उजवीकडे जाड सुरू होत होता आणि डावीकडे निमुळता होत संपत होता. तिनं हवेत बोट फिरवून पाहिलं, तर मनगट अडखळलं. ताटलीच्या कडेवरची वेलही उलटी फिरत होती. तिनं बोट पुन्हा फिरवलं, पुन्हा अडखळलं. मग टेबलावरचा चमचा उचलला, रश्श्यात बुडवला आणि तो डाव्या हातात घेऊन ट्रँटरबाईंच्या स्वच्छ टेबलावर गवताचं एक पातं ओढलं.

पातं बरोबर आलं.

"अहो, टेबल!" ट्रँटरबाई ओरडल्या.

"डावखुरा होता!" डॅमरिस त्याहून मोठ्यानं ओरडली. "मेला डावखुरा होता, आणि मी सहा आठवडे उजव्या हातानं मरतेय!"

पण कळणं वेगळं आणि जमणं वेगळं. डॅमरिसचा डावा हात एकोणीस वर्षं ताटली धरायच्या कामाचा. त्याला कुंचला म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ती घरी पाटीवर पाण्यानं रेघा ओढत बसे, आणि त्या रेघा पाहून तिला रडू फुटायचं बाकी राही. लॅम्बेथातला पहिल्या नंबरचा हात तिचा, आणि आता तिला साधी होडी काढता येत नव्हती. गंमत म्हणजे डाव्या हाताची होडी त्या ब्रिस्टलवाल्याच्या होडीपेक्षाही वाईट होती. म्हणजे ज्याला ती दारुडा म्हणाली होती, तो तिच्या डाव्या हाताहून चांगला चित्रकार होता. हा अपमान तिला सगळ्यात जड गेला. ती पाटी आपटायची, हेरिंग माशाचा तुकडा तोंडात कोंबायची आणि पुन्हा बसायची.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात नाताळाआधीची शेवटची भट्टी भरायला घेतली. डॅमरिसनं सकाळी येऊन कुणाला न सांगता एक कोरी ताटली घेतली, कुंचला डाव्या हातात धरला आणि जॅक काढला. रेघ वाकडी जात होती, पण हात थांबला नाही. पाय लांब झाला, तो तिनं लांब केला नव्हता. मनगट तिथवरच वळत होतं. पूल मध्येच संपला, कारण पुढं हाताचीच आडकाठी आली. तेव्हा तिला कळलं, त्या माणसाचा पूल अर्धा का राहिला होता.

"ही कुठं ठेवायची?" जेथ्रोनं विचारलं. "डबे भरलेत सगळे."

"माझ्या डझनातली एक काढ आणि ही घाल."

गिडिंग मालक मागंच होते. "काढू नको. पेलबाई, मी काय सांगितलं होतं?"

"मालक, एकोणीस वर्षांत मी भट्टीत एक जागा मागितलीय का कधी?"

"तीन घेतल्यात या हंगामात!"

"मग ही चौथी घेतली असं समजा. नाही तर मोजा, तुमच्या चाळीस डझनांतल्या किती या हातच्या आहेत, आणि मी उद्यापासून आले नाही तर त्या कोण काढतं ते बघा."

मालकांनी ताटली उचलून पाहिली. "ही तुम्ही काढलीत? ही?" त्यांना खरंच काळजी वाटली असावी. "पेलबाई, तब्येत बरी आहे ना?"

"ठेवा ती भट्टीत," डॅमरिस म्हणाली. मालक मान हलवत निघून गेले, आणि जेथ्रोनं ती ठेवली.

ताटली नाताळाच्या चार दिवस आधी निघाली. ट्रँटरबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि छातीशी धरली. डॅमरिसनं एवढंच सांगितलं, "हिचे काठ अजून शाबूत आहेत. जुन्यांचे झिलई उडून उंदरानं कुरतडल्यासारखे झालेत. हातात घेऊन बघणाऱ्याला कळेल."

"हातात घेऊन कोण बघतंय?" ट्रँटरबाई म्हणाल्या.

जानेवारीत त्या पुन्हा कारखान्यात आल्या, त्या अशा अवस्थेत, की डॅमरिसनं न विचारता स्टूल पुढं केलं.

"ओळखली?" डॅमरिसनं विचारलं.

"ओळखली! आल्या आल्या अर्सुलानं सहाही मोजल्या. मग एकेक हातात घेऊन बघायला लागली. मी पुडिंग घेऊन तशीच उभी. आणि ती एक ताटली उचलून म्हणते, 'ही आईची नाही. हिच्यातला जॅक बघ कसा ताठ उभा आहे. सिबिलबाई, ही तुम्ही नवी आणून ठेवलीत.'"

डॅमरिसचा हात कुंचल्यावर आवळला. "कुठली उचलली?"

"जुनी! खरी! मार्जरीची!" ट्रँटरबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि तुम्ही काढलेली छातीला लावून म्हणते, 'ही बघ, गिल्बर्ट, ही खरी आईची. हा जॅक मी कुठंही ओळखेन.' आणि रडायला लागली."

"मग तुम्ही गप्प बसायचं ना!"

"कशी बसू? खऱ्या ताटलीला खोटी म्हणते, आणि वर मलाच चोर ठरवते! सतरा वर्षांचं सगळं एकदम वर आलं. सांगून टाकलं. म्हटलं, एक फुटली, शेकोटीशी ठेवून मीच फोडली, आणि तुझ्या हातातली लॅम्बेथच्या पेलबाईंनी याच महिन्यात काढलीय. काठ बघ, एक टवका उडालेला नाही."

"मग?"

"मग म्हणते, 'आईची लाडकी असणार, म्हणून तर इतकी जपून ठेवलेली.'"

डॅमरिसनं कुंचला खाली ठेवला. आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम तिनं केलं होतं, आणि ते तिचं आहे यावर डेप्टफर्डच्या त्या पोरीचा विश्वास बसणार नव्हता. प्रत्यक्ष काढणाऱ्या बाईनं सांगितलं असतं, तरी बसला नसता.

"मी येते डेप्टफर्डला," ती म्हणाली. "तिच्यासमोर डाव्या हातानं काढून दाखवते."

"नको. गिल्बर्ट हसत सुटला, म्हणाला, 'ताई, पुरे आता, पुडिंग गार होतंय.' ती रागानं उठली, तुमची ताटली शालीत गुंडाळली आणि घेऊन गेली. म्हणाली, निदान एवढी तरी तुमच्या हातून वाचवते." ट्रँटरबाईंनी श्वास सोडला. "जाताना दारात थांबली मात्र. म्हणाली, शेकोटीशी ठेवत जाऊ नका, तडकतात त्या. पहिल्यांदाच मला सरळ काही सांगितलं तिनं."

मागं गिडिंग मालक कुणाला तरी डझन मोजायला लावत होते.

"म्हणजे तुमच्या फळीवर पुन्हा पाच," डॅमरिस म्हणाली.

"पाच. म्हणूनच आलेय."

"नाही हं, बाई. त्या डावखुऱ्याचं नाव काढू नका माझ्यासमोर."

"त्याचं नाही," ट्रँटरबाई म्हणाल्या. "सहावी आता माझी. तिच्यावर मार्जरीचा हक्क नाही, अर्सुलाचा नाही. तुमच्या उजव्या हातानं, तुमच्या मनाला येईल ते काढा. पाय सरळ, पूल पुरा. मी त्यात जेवीन."

डॅमरिस 'बघते' म्हणाली. आठ दिवस तिनं ताटलीला हात लावला नाही, कारण मनाला काय येतं ते तिला कळेना. इतकी वर्षं नमुना समोर असायचा, नाही तर जहाजाची मागणी. मग एका सकाळी तिनं ट्रँटरबाईंनाच काढलं. पुलाच्या या टोकाला शाल घट्ट आवळून उभ्या, आणि पूल पलीकडे पोचलेला. पलीकडे कुणी काढायचं ते सुचलं नाही, म्हणून तिथं झाड काढलं.

भट्टीतून ताटली निघाली ती खणखणीत, पांढरी, झकास. फक्त शालीखालच्या बाहीपाशी निळा रंग जरासा पसरला होता. ट्रँटरबाई हरखून गेल्या, 'मी इतकी बारीक आहे होय?' म्हणाल्या, जेथ्रोला दाखवून आल्या, गिडिंग मालकांनाही दाखवून आल्या.

"ती बाही बघितलीत का?" डॅमरिस म्हणाली. "रंग पातळ झाला तिथं."

"कुठं? मला नाही दिसत."

"इथं. हे बघा."

"काही नाही हो तिथं," ट्रँटरबाई म्हणाल्या आणि ताटली शालीत गुंडाळून नावेकडे निघाल्या. डॅमरिस खिडकीशी उभी राहून त्यांना जाताना पाहत राहिली; पुरती पाच मिनिटं फक्त बाहीचाच विचार करत. मग तिनं पुढची कोरी ताटली ओढली आणि वैतागून पहिली रेघ मारली.